अफगाणिस्तान : बंडे का होतात, आणि आज का होत नाहीत

यंदा १४ जानेवारीला मंडळाच्या सभागृहात पानिपतावरचे व्याख्यान झाले. ग्वाल्हेरात पानिपताचा विषय निघाला की तो महादजींच्या जायबंदी पायापर्यंत पोहोचतोच, तसा तो याही वेळी पोहोचला. नंतर चहा घेताना एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "अब्दालीपासून आजपर्यंत हे लोक सारखे लढतच आहेत. आपसात तरी, नाहीतर दुसऱ्याशी तरी. रक्तातच असावे, नाही का?" आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. १९२९ ते १९७८ या जवळपास पन्नास वर्षांत अफगाणिस्तानात देशभर पेटलेली यादवी झाली नाही. १९३३ मध्ये राजा नादिरशहाचा खून झाला, चाळीसच्या दशकात कुनारकडच्या साफी जमातीने बंड केले, १९७३ मध्ये दाऊदखानाने आपल्याच चुलतभावाचे, जहीरशहाचे, राज्य उलथवले. तरीही देश उभा राहिला. याच काळात युरोपने दुसरे महायुद्ध लढले, चीनमध्ये यादवी झाली आणि आपल्याकडे फाळणी झाली. लढाई रक्तातच असती तर ही पन्नास वर्षे कुठून आली? म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवे.

माझ्या मते ते दोन गोष्टींत सापडते. काबूलच्या तख्ताला पैसा कुठून येतो, ही पहिली. आणि बंडखोराला सीमेपलीकडे आसरा कोण देतो, ही दुसरी. गेल्या अडीचशे वर्षांतली बहुतेक मोठी बंडे या दोन प्रश्नांच्या आधारे उलगडतात. आज तालिबानविरुद्ध मोठे बंड का दिसत नाही, याचे उत्तरही तिथेच आहे.

अब्दालीचा नातू आणि आपली दिल्ली

अहमदशहा अब्दालीने १७४७ मध्ये राज्य उभारले ते सरदारांच्या जोरावर. सरदार खूश ठेवायचे तर पैसा हवा, आणि तो कंदाहारच्या कोरड्या जमिनीतून निघणारा नव्हता. तो येई पंजाब, काश्मीर, सिंध आणि मुलतानातून. हिंदुस्थानवरच्या स्वाऱ्या ही त्या राज्याची हौस नव्हती, तो त्याचा चरितार्थ होता. पंजाब शिखांच्या हाती जाऊ लागला तशी खजिन्याला गळती लागली आणि घरातली भांडणे उघड्यावर आली.

अब्दालीचा नातू जमानशहा १७९७ च्या आरंभी आणि पुन्हा १७९८ च्या अखेरीस लाहोरपर्यंत आला. दिल्ली तेव्हा दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात होती. दुसरे पानिपत होणार अशी धास्ती उत्तर हिंदुस्थानात पसरली होती. ते झाले नाही, कारण जमानशहाला दोन्ही वेळा माघारी वळावे लागले. पश्चिमेला हेरातकडे त्याचा सावत्र भाऊ महमूद उठला होता, आणि महमूदच्या पाठीशी इराणचा शहा होता. इंग्रजांनीही इराणला त्यासाठी चुचकारले होते. पुढे महमूदने काबूल घेतले आणि जमानशहाचे डोळे काढले. तो आंधळा राजा अखेर लुधियान्यात कंपनी सरकारच्या पेन्शनीवर जगला.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते ते आठवून पाहावे. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याबाहेर होळकरांनी शिंदे आणि पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. पुढे तोही कंपनीचा पेन्शनर होऊन बिठूरला राहिला. भाऊबंदकी, सरदारांच्या वेगवेगळ्या फौजा आणि त्यात शिरलेला बाहेरचा हात, हे सगळे आपल्याही घरात होते. तेव्हा रक्ताची भाषा जपूनच वापरलेली बरी.

तनखा तुटला की डोंगर पेटतो

इंग्रजांनी १८३९ मध्ये शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवले. त्याला टिकवण्यासाठी काबूल आणि जलालाबादमधल्या घाटवाटांवरच्या गिलझाई टोळ्यांना दरसाल रोख रक्कम दिली जाई. त्या बदल्यात टोळ्या वाट मोकळी ठेवत. १८४१ च्या शरद ऋतूत काटकसर म्हणून ही रक्कम कमी केली गेली. काही दिवसांतच घाट बंद झाले. नोव्हेंबरात काबूल उठले. जानेवारी १८४२ मध्ये माघारी निघालेले सुमारे सोळा हजारांचे लटांबर त्याच घाटांत संपले. इंग्रजी चित्रांत जलालाबादला पोहोचलेला एकटा डॉक्टर ब्रायडन दिसतो. पण त्या सोळा हजारांत बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई, नोकर आणि बाजारबुणगे होते, हे त्या चित्रात दिसत नाही.

हाच धडा अमीर अब्दुर रहमानने उलटा गिरवला. १८८० ते १९०१ या काळात त्याने इंग्रजांकडून दरसाल बारा लाख रुपये घेतले, १८९३ नंतर अठरा लाख. त्या पैशाने आणि इंग्रजी शस्त्रांनी त्याने गिलझाईंचे बंड मोडले, चुलतभाऊ इसहाकखानाला पळवून लावले, आणि १८९१ ते १८९३ मध्ये हजारा जमातीवर असा वरवंटा फिरवला की त्या जखमेची आठवण हजारा घरांत आजही निघते. ड्युरँड रेषा मान्य केली तीही त्यानेच, १८९३ मध्ये. 'पोलादी अमीर' ही त्याची कीर्ती खरीच होती, पण ते पोलाद परक्या पैशाने घडले होते.

अमानुल्लाचे काय चुकले

आपल्याकडच्या सुशिक्षितांना अमानुल्ला जवळचा वाटतो. त्याने १९१९ मध्ये देश पूर्ण स्वतंत्र केला, १९२१ मध्ये काबूलला मुलींची शाळा उघडली, राज्यघटना दिली. त्याची राणी सोराया १९२८ मध्ये बुरखा टाकून लोकांसमोर आली. मग सनातनी मुल्लांनी त्याला पाडले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे.

स्वातंत्र्याबरोबर इंग्रजांचा वार्षिक तनखा बंद झाला. शाळा, रस्ते, नवे महाल, राजाचा युरोपचा दौरा, हा सगळा खर्च शेतकऱ्याच्या करातून निघू लागला, आणि तोही रोख. सैन्यात भरती आता टोळीच्या प्रमुखाला विचारून न होता सरकारी यादीने होऊ लागली. दुसरीकडे शिपायांचा पगार मात्र रखडत होता. १९२४ मध्ये खोस्तला बंड झाले, तो इशारा होता. नोव्हेंबर १९२८ मध्ये जलालाबादकडचे शिनवारी उठले. उत्तरेकडून हबीबुल्ला कलकानी हा ताजिक बंडखोर काबूलवर चालून आला. त्याचा बाप पाणक्या होता म्हणून लोक त्याला 'बच्चा-ए-सक्काव' म्हणत. सैन्य राजासाठी लढायला तयार नव्हते. अमानुल्लाने गादी सोडली ती १४ जानेवारी १९२९ रोजी; तारीख योगायोगाने आपल्या पानिपताचीच. देश सोडून तो मुंबईला आला. तिथे त्याला मुलगी झाली आणि तिचे नाव त्याने 'इंडिया' ठेवले.

कलकानी नऊ महिने टिकला. नादिरखानाने सीमेपलीकडच्या वझीर लोकांच्या मदतीने काबूल घेतले. पगाराला पैसे नव्हते, म्हणून त्या टोळ्यांना शहर लुटू दिले. त्यानंतर त्याने आणि त्याच्या घराण्याने जो मार्ग धरला तोच पुढच्या पन्नास वर्षांच्या शांततेचा पाया ठरला. दक्षिणेकडच्या टोळ्यांना भरतीतून आणि करातून सूट मिळाली. सरकार जकातीवर आणि पुढे रशिया व अमेरिका दोघांच्या मदतीवर चालू लागले. खेड्याच्या दारात फारसे जायचे नाही, असा तो अलिखित करार होता. या शांततेची किंमतही होती. खेड्यात शाळा, दवाखाना, रस्ता फार उशिरा पोहोचला, आणि पुष्कळ ठिकाणी पोहोचलाच नाही.

एका फर्मानात क्रांती

एप्रिल १९७८ च्या अखेरीस कम्युनिस्ट अधिकाऱ्यांनी दाऊदखानाला कुटुंबासह मारले आणि हा करार मोडला. काही महिन्यांत फर्माने निघाली : सावकाराची कर्जे रद्द, लग्नातल्या देण्याघेण्यावर मर्यादा, जमिनीचे फेरवाटप. कागदावर यातले बरेच काही चांगलेच होते. पण सावकार गेला तर पुढच्या पेरणीला बियाणे कोण देणार, याची सोय नव्हती. विहिरीचे आणि कालव्याचे पाणी ज्याच्या हाती, त्याची जमीन काढून दिलेल्या शेतकऱ्याला पाणी कोण सोडणार, याचाही विचार नव्हता. फर्मान घेऊन येणारे पक्षाचे तरुण शहरातून येत, सोबत पोलीस असत. विरोध करणारा पुल-ए-चरखीच्या तुरुंगात जाई, आणि तिथून पुष्कळजण परतले नाहीत.

मार्च १९७९ मध्ये हेरात उठले. शहरातली सैन्याची तुकडीच बंडखोरांना मिळाली. बंड चिरडताना हजारो माणसे मेली. वर्षअखेरीस, २७ डिसेंबरला, सोव्हिएत सैन्याने हाफिजुल्ला अमीनला ठार करून बाब्राक कारमालला बसवले.

इथे दुसरा प्रश्न पुढे येतो, आसऱ्याचा. हेरातचे बंड एकट्या हेरातचे होते. त्यासारख्या शेकडो बंडांना पेशावरमध्ये घर मिळाले, तेव्हा त्यांचे नऊ वर्षांचे युद्ध झाले. अमेरिका आणि सौदी अरेबियाचा पैसा पाकिस्तानच्या गुप्तचर खात्यामार्फत सात संघटनांत वाटला गेला. कुणाला किती द्यायचे हे त्या खात्याने ठरवले, आणि सर्वांत जास्त वाटा गुलबुद्दीन हिकमतयारला मिळाला. पैसा गावातल्या मान्यवराला डावलून पेशावरच्या पुढाऱ्याकडे गेला. टोळीतला जुना तोल अशा रीतीने आतून मोडला. युद्ध संपताना सोव्हिएत बाजूचे सुमारे पंधरा हजार सैनिक मेले होते, लाखो अफगाण मेले होते, आणि साठ लाखांच्या आसपास निर्वासित पाकिस्तान व इराणमध्ये होते.

नजीबुल्लाची तीन वर्षे

१५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचा सोव्हिएत सैनिक परतला. नजीबुल्ला काही आठवड्यांत पडेल, असे जगभरचे जाणकार सांगत होते. मुजाहिदीनांनी मार्चमध्ये जलालाबादवर मोठा हल्ला केला आणि तो फसला. नजीबुल्ला तीन वर्षे टिकला. त्याचे सैन्य अचानक शूर झाले नव्हते. मॉस्कोहून धान्य, इंधन, शस्त्रे आणि पैसा येत होता, आणि त्या पैशावर उत्तरेतला अब्दुल रशीद दोस्तम आणि त्याच्यासारखे स्थानिक सेनानी काबूलशी बांधलेले होते.

१ जानेवारी १९९२ पासून मॉस्कोची मदत थांबली. काही आठवड्यांत दोस्तम फिरला. मार्चमध्ये मझार-ए-शरीफ गेले. १६ एप्रिलला नजीबुल्ला देश सोडून निघाला, तर विमानतळावर दोस्तमच्याच माणसांनी त्याला अडवले. बायको-मुली आधीच दिल्लीला आल्या होत्या. तो संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत आश्रयाला राहिला आणि सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबानने त्याला तिथूनच ओढून नेऊन मारले.

सोव्हिएत काळात काबूल शहर बरेचसे शाबूत होते. ते उद्ध्वस्त झाले १९९२ नंतर, म्हणजे 'विजय' मिळाल्यावर. रब्बानी आणि मसूद एका बाजूला, हिकमतयार दुसऱ्या, हजारांचा वहदत पक्ष तिसऱ्या, दोस्तम आज इकडे तर उद्या तिकडे. हिकमतयार शहरावर रॉकेटे टाकत होता. फेब्रुवारी १९९३ मध्ये अफशार वस्तीत हजारा लोकांची कत्तल झाली. प्रत्येकाच्या मागे कुठला ना कुठला शेजारी होता, आणि खजिना कुणाकडेच नव्हता. १९९४ मध्ये कंदाहारला तालिबान उभे राहिले तेव्हा रस्त्यावरच्या खंडणीखोर नाक्यांना विटलेल्या लोकांनी आणि व्यापाऱ्यांनी त्यांचे स्वागत केले, ते यामुळे. पाकिस्तानचा हात त्यांच्याही मागे होता. पुढे त्यांनीच ऑगस्ट १९९८ मध्ये मझारला काय केले, ते जगाने पाहिले.

२००१ नंतर अमेरिकेच्या छत्राखालचे प्रजासत्ताकही याच चौकटीत बसते. सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परदेशी मदतीतून येई, आणि तालिबानला सीमेपलीकडे आसरा होता. २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराने अमेरिकेने जाण्याची तारीख कबूल केली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांनी पुढचा हिशोब मांडायला सुरुवात केली. ६ ऑगस्ट २०२१ ला झरंज गेले, १५ ऑगस्टला काबूल. मधल्या बहुतेक शहरांत मोठी लढाई झालीच नाही. आपल्या बखरींच्या भाषेत सांगायचे तर किल्ले फितुरीने पडले. मात्र ज्याचा पगार थांबला आणि ज्याला मदतीची खात्री राहिली नाही, त्या किल्लेदाराला नुसते फितूर म्हणून विषय संपत नाही.

आज बंड का नाही?

आता वर्तमानाकडे येऊ. तालिबानच्या राज्याला साडेचार वर्षे होत आली. पंजशीरमध्ये अहमद मसूदने सुरुवातीला झुंज दिली, ती सप्टेंबर २०२१ मध्येच मोडली. २०२२ च्या जूनमध्ये बल्खाबला मौलवी मेहदी हा तालिबानमधलाच हजारा सेनानी उठला आणि ऑगस्टमध्ये मारला गेला. मे २०२४ मध्ये बदख्शानात अफूची पिके नष्ट करण्यावरून शेतकरी रस्त्यावर आले. 'इस्लामिक स्टेट'ची स्थानिक शाखा स्फोट घडवते. डिसेंबर २०२४ मध्ये तिने मंत्री खलील हक्कानीला मारले. पण देश पेटवेल असे यातले काहीच नाही.

पहिले कारण म्हणजे आसरा नाही. इराण, चीन, उझबेकिस्तान, सगळे काबूलशी व्यवहार करत आहेत. रशियाने जुलै २०२५ मध्ये तालिबान सरकारला रीतसर मान्यताही दिली. बंडखोराला पैसा आणि तळ देणारे कुणीच पुढे येत नाही. दुसरे कारण म्हणजे तालिबानने जकात आणि कर नेमाने गोळा केले. नाक्यानाक्यावरचे वेगवेगळे खिसे बंद करून पैसा एका तिजोरीकडे वळवला. तिसरे, चाळीस वर्षांच्या लढाईने लोक थकले आहेत.

हे चित्र कायमचे मानू नये, कारण दोन्ही बाजूंना तडे दिसू लागले आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत बंद केली, आणि त्याच वर्षी इराण व पाकिस्तानने वीस लाखांहून अधिक अफगाणांना परत पाठवले. दुसरीकडे, तालिबानला वीस वर्षे आसरा देणारा पाकिस्तान आता तक्रार करतो की पाकिस्तानी तालिबानला काबूल आसरा देत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही सैन्यांत चकमकी झाल्या, १९ तारखेला दोह्यात युद्धविराम झाला, आणि तोरखम व स्पिन बोल्दकचे व्यापारी मार्ग बंद पडले. नाका बंद म्हणजे जकात बंद. रोजच्या बातम्यांत कोण काय गरजले याकडे पाहण्यापेक्षा हे नाके किती दिवस बंद राहतात, आणि काबूलच्या विरोधकांना एखादा शेजारी घर देतो का, याकडे पाहावे.

आपण कुठे उभे आहोत

ऑक्टोबरातच तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीला आले आणि भारताने काबूलमधला दूतावास पुन्हा सुरू केला. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश नव्हता. टीका झाल्यावर दुसरी घेतली गेली. काबूलशी बोलावेच लागेल, हे वास्तव आहे. पाकिस्तानशी त्यांचे बिनसले म्हणून ते आपले झाले, हा मात्र भाबडेपणा ठरेल. शत्रूचा शत्रू तो मित्र, या हिशोबावर त्या देशात गेल्या दोनशे वर्षांत प्रत्येकाने पैसे लावले आणि बहुतेकांनी ते घालवले.

बंड नाही म्हणजे संमती आहे, असेही समजू नये. सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद आहेत. डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठे बंद झाली, दोन वर्षांनी सुईणी आणि परिचारिकांचे शिक्षणही. या बंदीविरुद्ध काबूलच्या रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांच्या हाती बंदूक नव्हती, सीमेपलीकडे तळ नव्हता, कुणाचा तनखा नव्हता. त्यांना तुरुंगात टाकले गेले. घराघरांत चोरून चालणारे वर्ग तरीही चालू आहेत. अफगाण इतिहासात बंडे पुष्कळ झाली, पण परक्याच्या पैशावाचून आणि बंदुकीवाचून उभे राहिलेले हे बंड वेगळे आहे.

त्यासाठी भारताला सैन्य लागत नाही. पुण्यात वर्षानुवर्षे अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत; आपल्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांच्या शेजारी ते राहिले असतील. ऑगस्ट २०२१ मध्ये आधी दिलेले व्हिसा रद्द झाले आणि कितीतरी मुले-मुली प्रवेश मिळूनही तिकडेच अडकली. दूतावासाचा दरवाजा उघडलाच आहे, तर विद्यार्थ्यांच्या व्हिशाची खिडकीही उघडावी, मुलींसाठी आधी. ही मागणी आपल्यासारख्या संस्थांनी आपल्या खासदारांकडे जरूर करावी.

चहाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. दौलतरावांच्या दरबारात जे होते तेच काबूलच्या दरबारातही होते : रिकामा खजिना, रुसलेले सरदार आणि दाराशी उभा असलेला मदतीचा परका हात. ते रक्तात नव्हते, आपल्याही नाही आणि त्यांच्याही नाही. पुढच्या बैठकीत यावर कुणाचे वेगळे मत असेल तर ऐकायला आवडेल.